अर्धं शटर

पोलादपूरच्या बाजारपेठेत दुकान बंद करायच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे शटर अर्ध्यावर ओढायचं. त्याचा अर्थ, दुकान बंद झालं. दुसरी म्हणजे शटर पूर्ण खाली घेऊन कुलूप लावायचं. त्याचा अर्थ, दुकान खरंच बंद झालं. बाहेरगावच्या माणसाला यातला फरक कळत नाही आणि तो अर्ध्या शटरपाशी येऊन, हळहळून परत जातो. गावचा माणूस मात्र कमरेत वाकतो, आत डोकं घालतो आणि विचारतो, "हायत का शेठ?" शेठ असतातच.

यज्ञेश्वर रोज संध्याकाळी आठला पहिल्या पायरीवर यायचा आणि तिथेच तळ ठोकायचा. त्याचं औषधांचं दुकान बाजारपेठेच्या मधोमध. वर हिरव्या अक्षरांत पाटी, 'सरोज मेडिकल अँड जनरल स्टोअर्स'. सरोज त्याची बायको. लग्न झालं त्या वर्षी दुकान टाकलं आणि मोठ्या हौसेने तिचं नाव दिलं. पाटीवरची सरोज रोज दहापर्यंत दिव्यात झळकायची. घरातली सरोज मागच्या आळीत, दुकानापासून हाकेच्या अंतरावर, एकटीच बसलेली असायची. हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. काही माणसांना पाटी वाचायची सवय असते, तेवढ्यावर त्यांचं भागतं.

अर्ध्या शटरचा एक गुण असा, की आत बसलेल्या माणसाला जग फक्त गुडघ्यापर्यंत दिसतं. इतक्या वर्षांत यज्ञेश्वर माणसं पायांवरून ओळखायला शिकला होता. टाच झिजलेली निळी स्लीपर आली की मुरारी, बाजारातून वरच्या वाड्यांना सहा आसनी रिक्षा नेणारा. भेगाळलेल्या टाचा आणि रुतलेली जोडवी दिसली की ठमाबाई, भाजीवाली. तिला बाम हवा असायचा. यातलं काहीही सकाळपर्यंत थांबण्यासारखं होतं. मुरारीला तर औषधही नको असायचं, त्याला गप्पा हव्या असायच्या.

पण कोणी विचारलं, की बाबा रे, साठी आली, आठला घरी का जात नाहीस, तर यज्ञेश्वरकडे एक गोष्ट तयार होती. फार वर्षांपूर्वी, आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीतला माणूस रात्रीचा आला होता. पोराला दम्याचा झटका आला होता, तोंड निळं पडलं होतं. यज्ञेश्वरने औषध दिलं, पोरगं वाचलं, आता ते मुंबईत नोकरीला आहे. "त्या रात्री मी नसतो तर?" असं म्हणून तो थांबायचा, ऐकणाराही मान डोलवायचा, आणि विषय मिटायचा. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर गडी पुढच्या सगळ्या संध्याकाळी खर्च करत होता.

खरं कारण मात्र रस्त्याच्या पलीकडे होतं.

तिथे तीन-साडेतीन वर्षांपूर्वी 'सेजल मेडिकल' निघालं होतं. चालवणारी अस्मिता, वयाने तिशीच्या आतली, माहेर महाडचं, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली. दुकान उघडलं तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. यज्ञेश्वरने पेढा घेतला, "छान, छान," म्हणाला आणि त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. भांडण नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. तो फक्त तिचं शटर बघायचा. आठ वाजता तिचंही शटर अर्ध्यावर यायचं आणि तिथेच थांबायचं. त्याखालून उजेडाची पट्टी रस्त्यावर पडायची, इकडून त्याची पट्टी पडायची, आणि दोन्ही पट्ट्या रस्त्याच्या मधोमध जवळजवळ एकमेकींना भिडायच्या.

"तिचं खाली गेलं की मी उठलोच," असं तो रोज स्वतःला सांगायचा. तिचं काही जायचं नाही. मग तो जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या पुन्हा लावायचा, मोबाईलवर आलेले डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो बघायचा, जांभया द्यायचा. वर मुरारी तेल ओतायला हजर असायचाच.

"शेठ, ती बाय अजून बसलीय हां. तुमी उठलाव तर गिऱ्हाईक तिकडं लागंल."

"मी कुठे उठतोय?" यज्ञेश्वर म्हणायचा आणि जांभई गिळायचा.

सरोज मे महिन्यात निवृत्त झाली. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, निम्मी वरच्या वाड्यांमध्ये. गावात तिला सगळे बाईच म्हणत. निवृत्त झाल्यावर तिने एकच खरेदी केली. महाडला जाऊन मोठा कॅरम बोर्ड आणला, मुरारीच्या रिक्षात मांडीवर आडवा धरून. अध्यापक विद्यालयात असताना तिने कॅरमची ढाल जिंकली होती. यज्ञेश्वरला हे लग्नाआधीपासून माहीत होतं आणि लग्नानंतर तो विसरला होता.

"संध्याकाळी दोन बोर्ड खेळत जाऊ," ती म्हणाली होती.

"खेळू की," तो म्हणाला होता. "पण मला संध्याकाळी वेळ नसतो गं. तुला माहीत आहे."

मग ती एकटीच खेळायला लागली. उजव्या हाताने पांढऱ्या, डाव्या हाताने काळ्या. बोर्ड गुळगुळीत राहायला बोरिक पावडर लागते, ती औषधाच्या दुकानात मिळते. "येताना बोरिक पावडर आणा," असं तिने जूनमध्ये सांगितलं, जुलैमध्ये सांगितलं, गणपतीत सांगितलं. यज्ञेश्वर ती पावडर गावाला विकत होता आणि घरी न्यायला विसरत होता. दिवाळीनंतर तिने सांगणं सोडलं आणि तांदळाची पिठी वापरून पाहिली. बोर्डावर मुंग्या झाल्या. ही गोष्ट तिने हसत सांगितली, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात हलवत घरी आला.

जानेवारीतल्या त्या बुधवारी तो घरी पोचला तेव्हा पलंगावर बॅग भरलेली होती.

"रविवारी धवलकडे जाते," सरोज म्हणाली. धवल त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला; अंकिता त्याची बायको.

"जा की. किती दिवस?"

"बघू."

यज्ञेश्वर जेवता जेवता थांबला. सरोज आयुष्यभर वेळापत्रकावर चाललेली बाई. 'बघू' हा शब्द तिच्या तोंडी त्याने कधी ऐकला नव्हता. वर्गातल्या पोरांनासुद्धा ती 'हो' किंवा 'नाही' म्हणायची.

"शिमग्याला येशील ना?"

"बघू म्हटलं ना."

"काही झालंय का?"

"काही नाही झालं." तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. आवाजात राग नव्हता, आणि नेमकं तेच त्याला खटकलं. "तिथे संध्याकाळी सगळे घरी असतात. धवल येतो, अंकिता येते. चार माणसं बोलतात. इथे मी भिंतीशी किती बोलू?"

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं. "मला संध्याकाळी वेळ नसतो, सरोज."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जाते."

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. ही थोडे दिवस राहायला जात नाहीये, हे त्याला कळून चुकलं. ती जाईल, धवल तिला ठेवून घेईल, तिला तिथे करमेल, आणि इथे आपण रोज दहाला कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरू. घाबरला गडी, खरंच घाबरला.

गुरुवारी त्याने मनाशी पक्कं केलं, आज आठ म्हणजे आठ. आठला शटर अर्ध्यावर घेतलं, कुलूप हातात घेतलं, पाकीट खिशात टाकलं. मग सवयीने समोर पाहिलं. पलीकडे उजेडाची पट्टी तश्शीच. हातातलं कुलूप हळूच पुन्हा गल्ल्यावर गेलं. 'पाच मिनिटं बघू,' तो मनात म्हणाला. त्या पाच मिनिटांचे दहा कसे वाजले ते तुम्हाला सांगायला नको.

शुक्रवारी मुरारी गप्पा मारून नुकताच स्टँडकडे गेला होता. यज्ञेश्वर गल्ल्यामागे बसला होता आणि नजर शटरखाली होती. तेवढ्यात चॉकलेटी पट्ट्याच्या चपला दिसल्या, वर जांभळ्या साडीचा काठ. सरोज! तो एकदम सरसावून बसला. डबा घेऊन आली असेल, त्याला वाटलं, आणि खुळ्यासारखा आनंदही झाला.

चपला शटरपाशी आल्या. क्षणभर थांबल्या. मग वळल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. समोरच्या शटरखाली ती वाकली, पदर सावरला, आणि आत गेली.

यज्ञेश्वर बसल्या जागी गार पडला. औषधाच्या दुकानदाराची बायको औषध घ्यायला समोरच्या दुकानात जाते? आपल्यापासून लपवण्यासारखं हिला काय झालंय? आणि मग ते 'बघू' डोक्यात आलं. पुण्याला जाते, किती दिवस ते सांगत नाही. पुण्यात मोठे दवाखाने. धवलला माहीत असणार, अंकिताला माहीत असणार. सगळ्यांना माहीत, फक्त आपल्याला सांगितलेलं नाही, कारण आपल्याला वेळ नसतो. औषधांच्या नावांवरून रोग ओळखणाऱ्या माणसाचं डोकं अशा वेळी फार वाईट चालतं. एकामागून एक नावं त्याच्या मनात येऊन गेली आणि प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा भयंकर होतं.

सरोज बाहेर येईना.

तो उठला. दुकान तसंच उघडं टाकलं, दिवे चालू, गल्ल्यावर कोणी नाही. असं त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. वाकून बाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि सेजल मेडिकलच्या शटरखाली शिरला. स्वतःच्या शटरची उंची अंगवळणी पडलेली. हे चार बोटं खाली होतं. कपाळ असं आपटलं की साऱ्या पत्र्याचा खणखणाट झाला.

आत सरोज स्टुलावर बसली होती. तिच्या हातात अस्मिताचा फोन होता आणि फोनवर एक चार वर्षांची मुलगी गाल फुगवून बसली होती. "एक घास चिऊचा झाला," सरोज तिला सांगत होती, "आता कावळ्याचा कोण खाणार? सेजल खाणार का मी येऊ खायला?" गल्ल्यामागे अस्मिता उभी होती. आणि गल्ल्यावर, दोघींच्या मधे, बोरिक पावडरचा डबा होता.

यज्ञेश्वरने डबा पाहिला. एकदा सरोजकडे पाहिलं, पुन्हा डबा पाहिला.

"एवढंच?" तो म्हणाला. "हेच घ्यायला आली होतीस?"

"मग काय घ्यायला येणार?"

तो खाली वाकून कपाळ चोळायला लागला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आपटल्यामुळे आलंय असं दिसलेलं बरं होतं. बरी आहे. धडधाकट आहे. फक्त एका पावडरीच्या डब्यासाठी हिला नवऱ्याचं दुकान ओलांडून परक्याच्या दुकानात यावं लागलं. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तेवढ्यात अस्मिता बोलली. "काका, तुमचं बंद झालं?"

"अं?"

"नाही, तुम्ही इकडे आलात म्हणजे बंद केलं असेल ना? मग मी निघू?" आणि उत्तराची वाटही न बघता तिने पर्स उचलली, स्कूटीची चावी शोधायला लागली, मागच्या खोलीतला दिवा घालवला. तिची ती लगबग शाळा सुटायच्या घंटेनंतरची होती. सरोजने ती आयुष्यभर पाहिलेली. "सेजल, आई आली हं! आज लवकर आली!" फोनवरून पोरीची किंकाळी ऐकू आली. गाल रिकामे झाले होते.

"थांब, थांब," यज्ञेश्वर म्हणाला. "माझं बंद झालं म्हणून तू निघालीस?"

अस्मिता ओशाळली. "सासरे म्हणतात, समोरचं शटर वर आहे तोवर आपलं खाली घ्यायचं नाही. नवं दुकान आहे, गिऱ्हाईक सवयीने तुमच्याकडेच जातं. रोज फोन करून विचारतात, समोरचा उठला का म्हणून. मग मी बसते. सेजल माझ्याशिवाय जेवत नाही, म्हणून मग हे असं फोनवर. आज बाई आल्या, म्हणून त्यांनी भरवलं तिला."

"मी," यज्ञेश्वर म्हणाला आणि थांबला. मग सांगून टाकलं. "मी तुझं बंद होत नाही म्हणून बसतो."

फोनवरची सेजल 'आई कधी येणार, आई कधी येणार' करत होती.

दोन शहाणीसुरती माणसं, दोघांनाही घरी जायचं होतं, आणि तीन-साडेतीन वर्षं दोघं एकमेकांना घरी जाऊ देत नव्हती. एका शब्दात सुटणारी गोष्ट. पण तो शब्द बोलायला रस्ता ओलांडावा लागत होता. यज्ञेश्वरला हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्ही आवरून त्याने शेवटचा बचाव पुढे केला. "पण कोणाला खरंच गरज लागली तर? त्या रात्री तो दम्याचा पोरगा..."

"त्या रात्री शटर पूर्ण बंद होतं," सरोज म्हणाली.

"काय?"

"पूर्ण बंद. कुलूप लावलेलं. तुम्ही घोरत होतात. तो माणूस घरी आला, दार मी उघडलं, तुम्हाला मी उठवलं. मग तुम्ही चावी घेऊन धावलात." ती शांतपणे सांगत होती. "औषध तुम्हीच दिलंत, ते खोटं नाही. पण गरज लागली की लोक घरी येतात हो. सगळ्या गावाला घर माहीत आहे."

यज्ञेश्वरला ती रात्र आठवली. इतके दिवस गोष्टीत आठवत होती, आज नीट आठवली. दारातल्या दिव्याखाली सरोज, विस्कटलेले केस, "अहो, उठा" म्हणणारी. गोष्ट सांगता सांगता त्याने तिला त्यातून कधी वगळलं होतं, त्याला सांगता आलं नसतं.

"अस्मिता," तो म्हणाला, "सासऱ्यांना सांग, समोरचा उठला. उद्यापासून आठला दोघंही उठणार. कोणाला अडीअडचणीला लागलं तर एक दिवस तू बघ, एक दिवस मी. दोघांचे नंबर शटरवर लिहू. त्यांना पटलं नाही तर मी येऊन बोलतो."

"आणि आज कोणाला लागलं तर?" अस्मिताने विचारलं.

"आज आम्ही घरीच आहोत," सरोज म्हणाली आणि डबा उचलला.

यज्ञेश्वर आपल्या दुकानात गेला, दिवे घालवले, बाहेर आला. शटरची कडी धरली. समोर अस्मितानेही धरली होती. त्याने मान हलवली, तिने मान हलवली, आणि दोन्ही शटरं एकदमच खाली आली. एवढा आवाज त्या वेळेला बाजारपेठेने कधी ऐकला नव्हता. मधल्या दोन्ही उजेडाच्या पट्ट्या गेल्या.

घरी त्याने पाय धुतले, फोन फ्रिजवर ठेवला आणि बोर्डापुढे बसला. सरोजने पावडर शिंपडली, तळव्याने फिरवली. पहिल्याच फटक्याला तिच्या दोन सोंगट्या गेल्या. यज्ञेश्वरचा स्ट्रायकर दरवेळी खिशात जात होता. हात मधूनमधून शर्टाच्या खिशाकडे जायचा, फोन चाचपायचा, रिकामा परत यायचा. त्याला वाटलं, किती वर्षांत आपण हिच्या समोर बसलोच नाही. शेजारी बसलो, पाठीमागे बसलो, जेवायला बसलो. असं समोर, हिच्या चेहऱ्याकडे बघत, नाही बसलो. केस पांढरे झालेत हिचे. छान दिसतात.

"खेळा," सरोज म्हणाली. "बघत काय बसलात?"

राणी अजून बोर्डावर होती तेव्हा बाहेर पावलं वाजली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. कोणी बोलत नव्हतं. दारावर थाप पडली तीसुद्धा हळू.

यज्ञेश्वरने दार उघडलं. पुढे मुरारी, टोपी हातात. मागे कापडवाले, हॉटेलवाले, आणखी सात-आठ माणसं, सगळ्यांच्या माना खाली. सगळ्यांच्या मागून ठमाबाई डोक्यावर पदर घेऊन आली आणि दारातच तिने हंबरडा फोडला. "अगो बाई, कोन गेलं गो!"

"कोण गेलं?" यज्ञेश्वरने विचारलं.

"तुमीच सांगा शेठ," मुरारी दबल्या आवाजात म्हणाला. "मी स्टँडवरून आलो तं तुमचं शटर पूर्ण खाली. म्हनलं, असं कधी होत नाय. समोरचं बघितलं तं तेबी खाली. म्हनलं, काय तरी वंगाळ झालं. मी सगळ्यांना सांगितलं. ह्यांनीबी मान राखून दुकानं बंद केली. सगळा बाजार बंद हाय, शेठ."

बाजारपेठेतली ही रीतच होती. अवेळी पूर्ण शटर खाली येतं ते कोणी वारलं तरच. दुसऱ्या कशासाठी दुकानदार लवकर घरी जाऊ शकतो, हे तिथे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एवढ्यात ठमाबाईला आतली सरोज दिसली. कॅरम बोर्डापुढे, मांडी घालून, हातात स्ट्रायकर. ठमाबाईचं रडं मधेच थांबलं. "बाई तं हायत की!"

"मी आहे गं," सरोज म्हणाली. "आणि हेही आहेत. कोणी गेलेलं नाही. आम्ही खेळतोय."

लोकांना हे पचायला वेळ लागला. कापडवाल्यांनी मान वाकडी करून बोर्ड बघितला. हॉटेलवाला म्हणाला, "खेळताय?" जणू नवरा-बायको तिथे चोरी करत होते. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसत सुटले. ठमाबाई तर पदर तोंडात कोंबून खिदळत होती. मुरारीने टोपी पुन्हा घातली. "म्हंजे शेठ, तुमी असंच बंद केलं? कोन मेलं नसताना?"

"असंच."

"आनि आता उघडनार नाय?"

"सकाळी."

मुरारी घुटमळला. "तसं मला जरा खोकल्याची गोळी..."

"ताप आहे?"

"नाय."

"धाप लागते?"

"नाय बा. घसा खवखवतो नुसता."

"मग मिठाच्या पाण्याने गुळण्या कर आणि सकाळी ये," यज्ञेश्वर म्हणाला. इतकं साधं वाक्य, पण म्हणून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. मुरारीला राग आला नाही. "बरं बरं," म्हणत तो वळला. माणसं पांगली. हॉटेलवाला जाता जाता कापडवाल्यांना सांगत होता की एकदा बंद केलंच आहे तर आता पुन्हा कुठे उघडायचं, घरीच जाऊ, बायको दचकेल. गल्लीत बराच वेळ हसणं ऐकू येत होतं.

दार लावून यज्ञेश्वर बोर्डापुढे बसतो न बसतो तोच सरोजचा फोन वाजला. धवल होता. आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"आई! बाबा ठीक आहेत ना? मुरारीकाकांनी गावाच्या ग्रुपवर टाकलंय, शेठकडे दुःखद घटना म्हणून! बाबा फोन उचलत नाहीत! काय झालं?"

"काही नाही रे झालं. बाबांनी दुकान लवकर बंद केलं."

"बाबांनी?"

"हो. समोर बसलेत. हरतायत."

"बरं," धवल म्हणाला. त्याचा श्वास खाली बसल्याचं इथवर कळलं. "घाबरलो ना मी. बरं, आई, रविवारचं ठरलं ना? मी स्वारगेटला येतो घ्यायला. अंकिताने तुझी खोली लावून ठेवली आहे."

यज्ञेश्वरने स्ट्रायकर खाली ठेवला. आतल्या पलंगावरची बॅग इथून दिसत होती. त्याला वाटलं, एका संध्याकाळने काय होतं? इतक्या वर्षांच्या संध्याकाळी हिने मोजायच्या तरी कशा? मागायचंही तोंड नव्हतं त्याला. तो नुसता सरोजकडे बघत राहिला.

सरोज बोर्डाकडे बघत होती. राणी मधोमध होती आणि पाळी यज्ञेश्वरची होती. तिने त्याचा स्ट्रायकर बोटाने त्याच्याकडे सरकवला.

"नाही रे धवल," ती म्हणाली. "तूच अंकिताला घेऊन इकडे ये. माझं यायचं काही जमेलसं दिसत नाही."

"का गं?"

"मला संध्याकाळी वेळ नसतो."